दादाची नक्कल

मी तेव्हा नाशिक रोडला एका खासगी क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवायचो. दोन तास सलग बीजगणित कुणीच ऐकून घेत नाही, त्यामुळे अधूनमधून काहीतरी बोलून वर्गाला हसवावं लागायचं. हळूहळू माझं लक्ष गणितापेक्षा त्या हसण्याकडेच जास्त लागलं. बायको जिल्हा परिषदेत नोकरीला. तिच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. ती म्हणाली, "तू हल्ली स्कूटर चालवताना ओठ हलवतोस. सिग्नलला लोक बघतात."

कॉलेज रोडला एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी दुपारी ओपन माईक व्हायचं. नाव नोंदवायचं, पाच मिनिटं मिळायची. समोर वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी आपल्यासारखीच नंबराची वाट बघणारी, म्हणजे हसायच्या मनःस्थितीत नसलेली. पहिले तीन रविवार मी क्लासचे किस्से सांगितले. लोक हसले, पण पाहुण्यांकडे गेल्यावर चहा छान झालाय म्हणतात तसे. चौथ्या रविवारी माझं ठरवलेलं सगळं तीन मिनिटांत संपलं. हातात माईक, दोन मिनिटं शिल्लक आणि डोक्यात काहीच नाही. तेव्हा मी दादा काढला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. निफाडच्या पुढे आमची द्राक्षाची बाग आहे, ती तोच बघतो आणि चांगली बघतो. त्याचा माल परदेशात जातो. दादा सहा फूट उंच, आणि वेलींचा मांडव त्याच्यापेक्षा बुटका. सगळा जन्म त्या मांडवाखाली गेल्यामुळे तो मोकळ्या रस्त्यावरसुद्धा मान खाली घालून, खांदे आवळून चालतो, डोक्याला काहीतरी लागेल अशा बेतानं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याला काही विचारलं की तो लगेच उत्तर देत नाही. थांबतो. इतका थांबतो की समोरच्याला वाटतं, ऐकू गेलं नाही.

मी स्टेजवर मान खाली घालून चाललो आणि सांगितलं की दादाला एकदा गंगापूर रोडच्या चकचकीत हॉटेलात नेलं होतं. वेटर विचारतो, "सर, सुरुवातीला काय घेणार?" दादा थांबतो. वेटर पुढचं विचारतो, "पाणी साधं की बाटलीचं?" दादा म्हणतो, "मसाला पापड." वेटर विचारतो, "भाजी कुठली आणू?" दादा म्हणतो, "साधं." "तिखट चालेल?" "शेवभाजी." "शेवटी गोड काही?" "चालेल." "किती जण आहात तुम्ही?" "नको."

लोक असे हसले की माझी पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच गेली नाहीत. खरं तर हॉटेलात तसं दोन प्रश्नांपुरतंच झालं होतं. बाकीचं मी तिथे उभ्याउभ्या वाढवलं.

त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. रविवार संपला की पुढचा रविवार फार लांब वाटायचा. दादाची दोन मिनिटं वाढत वाढत बारा मिनिटं झाली. दादा मॉलमध्ये, दादा बँकेत, दादा सरकत्या जिन्यावर मान खाली घालून. पुण्याहून बोलावणं आलं, मग मुंबईहून. एका कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि तो इतक्या लोकांनी पाहिला की क्लासमधली मुलं मला पाहून मान खाली घालून चालायला लागली. त्या वर्षाअखेर मी क्लास सोडला.

बायकोनं तेव्हा एकच विचारलं, "दादांना सांगितलंयस का, तू काय करतोस ते?"

"तो कुठे बघतो असलं," मी म्हणालो. "त्याच्या फोनवर हवामान आणि फवारणी, बस."

ती डबा घेऊन ऑफिसला गेली.

क्लास सोडल्यावर एक नवीनच त्रास सुरू झाला. कार्यक्रम नसला की मला बसवत नसे. जेवताना मध्येच उठायचो. टीव्ही लावायचो, बंद करायचो. फोन उलटा ठेवायचो आणि दर मिनिटाला सुलटा करून बघायचो. स्टेजवर मी बोललो की दुसऱ्या सेकंदाला कळायचं, जमलं की नाही जमलं. घरी कुणी तसं सांगत नाही. तुम्ही भाजी निवडली, कपडे वाळत घातले, कुणी हसत नाही.

अशाच एका दुपारी एका दिग्दर्शिकेचा फोन आला. वयानं माझ्याहून लहान, बोलणं अगदी सरळ. ती सिनेमा करत होती, गोष्ट द्राक्षाच्या गावातली. नायक पुण्याहून गावी येतो, त्याचा चुलता शेती करतो, चुलता फार बोलत नाही.

"सर, मी तुमचा व्हिडिओ दहा वेळा बघितलाय," ती म्हणाली. "मला तुमचे दादा हवेत. जसेच्या तसे."

मी हो म्हणालो. मुंबईला जाऊन कॅमेऱ्यासमोर एकदा करून दाखवलं आणि काम मिळालं. त्यांना शूटिंगसाठी बाग हवी होती. त्यांच्या लोकांनी दोन-तीन बागा बघितल्या, पण कुठे रस्ता अरुंद, कुठे मालक तयार नाही. मी म्हणालो, आमची आहे की. हे मी का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. मोठं युनिट, गाड्या, कॅमेरे घेऊन आपल्या घरी जावं असं वाटलं असेल. दादाला फोन केला. तो नेहमीप्रमाणे थांबला आणि म्हणाला, "माल काढायच्या आदी या. नंतर बाग बघण्यासारखी नसती." मी कसलं काम करतोय असं त्यानं विचारल्यावर मी सांगितलं, "चुलत्याचं आहे. शेतकरी." तेवढंच.

पहिले दहा दिवस त्र्यंबक रोडकडच्या एका बंगल्यात घरातले प्रसंग केले. ते दिवस मला फार जड गेले. शूटिंगमध्ये वाट बघणं किती असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी सातला तोंडाला रंग लावून बसायचं आणि नंबर दुपारी दोनला. तोवर मी अंगणात येरझाऱ्या घालायचो. आणि शॉट चालू असताना कुणी हसायचं नसतं, आवाज रेकॉर्ड होतो. मी वाक्य बोलायचो आणि माझे कान आपोआप उभे राहायचे. काहीच यायचं नाही. मग मी डोळ्याच्या कोपऱ्यातून कॅमेरामनच्या खांद्यांकडे बघायचो, हलतायत का. दिग्दर्शिकेनं ते पकडलं. "सर, तुम्ही लेन्सच्या मागे काय बघताय?"

व्यापाऱ्याचं काम करणारे एक ज्येष्ठ नट होते. चाळीस वर्षं नाटकात काढलेली, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते कुणाला शिकवायला जात नसत. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी चहा पिताना मला म्हणाले, "तू माझं ऐकत नाहीस."

मी म्हणालो, "काका, मला तुमची वाक्यंसुद्धा पाठ आहेत."

"तेच सांगतोय. तुला पाठ आहेत. माझं तोंड कधी बंद होतंय याची तू वाट बघतोस. स्टेजवर एकट्यानं बोलून ही सवय लागते. इथे दुसरा माणूस असतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे दोन दिवस मी ऐकायचा प्रयत्न केला, म्हणजे ऐकल्यासारखा चेहरा केला.

अकराव्या दिवशी आम्ही दादाच्या बागेत गेलो. वेली घडांनी लगडलेल्या, मणी भरत आलेले. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बांधावर उभा होता. युनिटच्या जड गाड्या कुठपर्यंत आणायच्या, वायरी कुठून न्यायच्या, पाण्याच्या नळ्यांवर कुणी पाय द्यायचा नाही, हे त्यानं प्रत्येकाला शांतपणे सांगितलं. वहिनीनं सगळ्यांसाठी क्रेटभर द्राक्षं धुऊन ठेवली होती. दिग्दर्शिकेनं दादाला आदरानं मॉनिटरजवळ खुर्ची दिली, कानाला हेडफोन लावून दिले. "काका, इथे बसा. तुम्हाला सगळं दिसेल, ऐकू येईल."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पाय एका जागी राहत नव्हते. मी बुटाची नाडी तीनदा सोडून बांधली.

प्रसंग असा होता: व्यापारी माल बघायला येतो, चुलत्याला प्रश्न विचारतो आणि चुलता एक प्रश्न मागे राहून उत्तरं देतो. माझाच हॉटेलचा किस्सा त्यांनी बागेत आणला होता. ॲक्शन झालं. मी मांडवाखालून मान खाली घालून आलो, मोकळ्या वाटेवर आलो तरी मान तशीच ठेवली, काकांसमोर उभा राहिलो आणि त्यांनी विचारल्यावर थांबलो. नंतर एकामागे एक उत्तरं दिली.

कट म्हटल्याबरोबर सगळं युनिट हसलं. दाबून ठेवलेलं हसू होतं ते, चांगलं अर्धा मिनिट चाललं. कितीतरी दिवसांनी मला तो आवाज ऐकू आला आणि अंगात एकदम बरं वाटलं. मग मी मॉनिटरकडे पाहिलं. दादानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते. वहिनी त्याच्या मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, दादाकडे बघत होती.

जेवणाची सुट्टी झाली. युनिट दादाच्या घराच्या बाजूला पंगतीला बसलं. मी माल भरायच्या शेडमध्ये जाऊन रिकाम्या क्रेटवर बसलो. थोड्या वेळानं दादा आला. दुसरा क्रेट पालथा घालून समोर बसला.

"जेवला नाय?" त्यानं विचारलं.

"जेवतो." मग मीच म्हणालो, "दादा, ते आत्ताचं म्हणजे..."

"माहीत हाय. म्या दोन वर्सांपूर्वीच बघितलं. आमच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर आलं हुतं. त्या हाटेलाचं."

"मग बोलला नाहीस कधी."

"तू इचारलं नाय."

शेडच्या पत्र्यावर ऊन तापून कडकड आवाज येत होता. दादा थांबला होता आणि मी पहिल्यांदाच त्या थांबण्यात काही न बोलता बसलो.

"एक सांगू का," तो म्हणाला. "चाल बरोबर हाय. मान बी बरोबर. पण तू थांबतो तवा डोळे रिकामे ठेवतो. म्या रिकामा नसतो."

"मग काय करत असतोस?"

"मानूस इचारतो एक आन त्याला पायजे असतं दुसरं. आता ह्यो व्यापारी. तो इचारतो, माल कधी काढणार. त्याला तारीख नको असती. मला पैशाची घाई हाय का, ते त्याला बघायचं असतं. मंग म्या बघतो, ह्याला काय पायजे. कळलं की बोलतो. त्याला येळ लागतो." थोडं थांबून म्हणाला, "तू मला बावळट केला. तेवढं सोडलं तर चांगलं करतो."

एवढं बोलून तो उठला आणि म्हणाला, "चल, जेवून घे. भात गार होईल."

जेवणानंतर मी दिग्दर्शिकेला म्हणालो, मला अजून एकदा करायचंय, वेगळं. तिला उशीर होत होता, पण तिनं दिलं. या वेळी काकांनी विचारलं, "माल कधी काढायचा?" आणि मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात खिशात होता. बोटं आत हलत होती. डोळे माझ्या चेहऱ्यावर नव्हते, माझ्या मागच्या घडांवर होते. हे सगळं ते दहा दिवस करत असणार, मी पाहिलंच नव्हतं. हा माणूस घाबरलाय, माल दुसऱ्याला जाईल म्हणून घाबरलाय, असं मला वाटलं आणि मी उत्तर दिलं. किती वेळ थांबलो ते कळलं नाही. मला माझं वाक्य आठवावं लागलं नाही.

कट झाल्यावर कुणी हसलं नाही. काकांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि ते सावलीत निघून गेले. दिग्दर्शिका मॉनिटरवर परत परत तो शॉट बघत बसली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, हे फार छान आहे. पण माझ्या सिनेमात या जागी हसू लागतं. आधी तीन गंभीर सीन आहेत. दोन्ही ठेवते, एडिटला बघू."

मी दादाला सांगायला वळलो तर खुर्ची रिकामी होती. पाण्याची पाळी आली म्हणून तो मोटर चालू करायला गेला होता.

त्यानंतर सात-आठ महिने नुसती वाट. स्टेजवरचा विनोद आज केला की आज संपतो. सिनेमात केलेलं काम कुठेतरी डब्यात असतं, त्याला कुणीतरी कापत असतं, आवाज लावत असतं, आणि आपल्याला काही कळत नाही. कुठला शॉट ठेवला हे विचारायला मी चार वेळा फोन हातात घेतला आणि चारही वेळा ठेवून दिला. मुंबईला ऑडिशनला जायचो. सकाळची गाडी नाशिक रोडहून, संध्याकाळी परत. कुठे वकील, कुठे हवालदार, कुठे गिऱ्हाईक. एका खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून स्वतःचं नाव, उंची सांगायची, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं. मग "कळवतो". येताना इगतपुरीचा घाट येईपर्यंत मी ती दोन वाक्यं दहा तऱ्हांनी मनात म्हणून बघायचो आणि प्रत्येक वेळी ऑडिशनपेक्षा चांगली जमायची.

सिनेमा लागला. मी दादा-वहिनीला नाशिकला बोलावून घेतलं आणि आम्ही चौघं थिएटरमध्ये गेलो. दादा कडेच्या खुर्चीवर, मग वहिनी, मग बायको, मग मी. बागेतला प्रसंग आला. पहिलाच शॉट ठेवला होता. रिकाम्या डोळ्यांचा.

थिएटर हसलं, मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आधी आनंदच झाला, आणि मग तो टिकेना. मी वाकून पलीकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात दादा बघत होता, सिनेमा बघतात तसा. बाहेर आल्यावर चार पोरी माझ्यासोबत फोटो काढायला आल्या. त्यांतली एक दादाला म्हणाली, "काका, तुम्ही यांचे भाऊ का? म्हणजे खरे ते तुम्हीच?" दादा थांबला. ती फोटो काढून निघून गेली, त्याचं उत्तर राहून गेलं.

महिन्याभरानं वहिनीचा फोन आला. ती सहसा फोन करत नाही.

"भाऊजी, एक सांगायचं हुतं. ह्यांना सांगू नका मी बोलले म्हणून. शाळेची पोरं ह्यांच्या मागं मागं चालत्यात, माना घालून. परवा पतपेढीत कुणीतरी मुद्दाम एकामागं एक प्रश्न इचारले, आन समदे हसले. हे काय बोलले नाय. घरी येऊन जेवले बी नाय नीट."

मी म्हणालो, "वहिनी, मी येतो."

"येऊन काय करणार? पोरांना मारणार का?" ती म्हणाली. रागावून नाही, खरंच विचारत होती.

मी स्टेजवरून दादा काढून टाकला. नाशिकमधल्या एका मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, तिकिटं संपलेली. मी सगळं नवीन बोलत होतो आणि दहाव्या मिनिटापासून खालून "दादा, दादा" सुरू झालं. मी केलं नाही. शेवटची वीस मिनिटं मी नुसता घामाघूम होत बोलत राहिलो. लोक शांतपणे उठून गेले. तसल्या शांततेची मला तोपर्यंत सवय नव्हती.

आणि त्याच आठवड्यात एका वाहिनीकडून मालिकेची विचारणा झाली. रोज संध्याकाळी, घराघरांत. भूमिका तीच. गावाकडचा थोरला भाऊ, मान खाली, उत्तर एक प्रश्न मागे. "प्रेक्षकांना हे पात्र आधीच आवडतं, आपल्याला शून्यातून सुरुवात नाही," असं ते म्हणाले. वर्षभराचं पक्कं काम. मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत मी गंगापूर रोडचा जॉगिंग ट्रॅक किती वेळा पालथा घातला याची गणती नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला विचारू नकोस. ज्याला विचारायचं त्याला विचार."

चुलत बहिणीच्या मुलीचा साखरपुडा विंचूरला होता. आम्ही गेलो. मंडपाबाहेर गाडी लावली आणि समोरून दादा येताना दिसला. मी क्षणभर ओळखलं नाही. तो ताठ चालत होता. मान वर, खांदे मागे, हात शरीराला चिकटलेले. शाळेच्या कवायतीत नवीन मुलगा चालतो तसा. चाळीस वर्षांची चाल त्यानं मुद्दाम मोडली होती आणि नवीन अजून अंगात बसली नव्हती. मंडपात शिरताना तोरणाखाली वाकायला हवं होतं, तिथे तो वाकला नाही. झेंडूची माळ त्याच्या कपाळावर आपटली.

मी त्या दिवशी जेवलो, लोकांशी बोललो, फोटो काढले. काय बोललो ते आठवत नाही.

बायको एकटी नाशिकला परतली. मी दादाकडे राहिलो. सकाळी तो बागेत विरळणी करत होता, घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढत होता. मी दुसरी कात्री घेतली. बऱ्याच वर्षांनी हातात घेतली होती, त्यामुळे त्यानं आधी एक घड करून दाखवला. मांडवाखाली आम्ही दोघंही वाकलेले होतो. थोड्या वेळानं मी म्हणालो, "दादा, माझं चुकलं. तुला न विचारता केलं. तू सांगितल्यावरसुद्धा पिक्चरमध्ये तेच राहिलं."

त्यानं हातातला घड पुरा केला.

"तुला वाटतं तेवढं मनावर घेतलं नाय म्या," तो म्हणाला. "पण घेतलं."

"कळलं मला. काल चालताना बघितलं."

त्यानं पुढचा घड हातात घेतला. मी त्याला मालिकेचं सांगितलं. सगळं सांगितलं, भूमिका तीच आहे हेसुद्धा. "तू नको म्हणालास तर नाही करणार."

"म्या कशाला नको म्हणू? तुझं काम हाय." कात्री चालू ठेवत तो म्हणाला, "तू आला कशाला, ते सांग. माझ्याकडून नाय म्हणवून घ्यायला आला का? म्हंजे तुला सोताला नाय म्हणायला नको."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी तसाच अर्धी ओळ संपेपर्यंत मणी काढत राहिलो. काही चुकीचे काढले असतील. मग वेलींच्या बाहेर आलो, बांधावर उभं राहून त्या वाहिनीच्या बाईंना फोन लावला आणि सांगितलं की ही भूमिका मी करणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, ज्याची आहे तो माणूस मला ओळखतो. त्यांना ते कळलं नसावं. ठीक आहे म्हणाल्या आणि ठेवला. त्या जागी त्यांनी दुसरा कुणीतरी घेतला. मालिका चांगली चालली. त्यातला भाऊ मान खाली घालून चालत नाही, तोतरं बोलतो.

पुढचं दीड वर्ष तसं कोरडंच गेलं. मी पुन्हा क्लासमध्ये शिकवायला लागलो, आठवड्यातून तीन दिवस. मग काकांनीच कुठेतरी माझं नाव सुचवलं. नाशिकजवळच्या एका बंगल्यात चित्रीकरण होणारी मालिका, त्यात पोस्टमास्तरांचं काम. पोस्टमास्तर विधुर आहेत, विनोदी नाहीत. सुरुवातीला महिन्यातून चार दिवस होतं, आता बारा-पंधरा असतात. त्यांना लग्न झालेली मुलगी आणि तिच्या सासरचं कथानक दिलंय, एकदा हृदयविकाराचा झटकाही दिला. मी अजूनही अंगणात येरझाऱ्या घालतो. शॉट संपला की कान उभे राहतात, ते काही गेलेलं नाही. फक्त समोरचा बोलत असताना आता मी त्याच्याकडे बघतो, आणि बघता बघता कधीतरी माझी स्वतःची धांदल पाच-दहा सेकंद थांबते. महिन्यातून एका रविवारी कॅफेतही जातो. पोस्टमास्तरांवर बोलतो, माझ्या ऑडिशनवर बोलतो. पूर्वीएवढे लोक येत नाहीत.

दादाच्या मागे चालणारी शाळेची पोरं पुढच्या वर्गात गेली आणि विसरली. दादाची चाल काही पूर्ववत झाली नाही. बागेत तो वाकतो, रस्त्यावर सरळ चालतो. दोन्हींच्या मध्ये, बांधावरून रस्त्यावर येताना, तो एक पाऊल अडखळतो. मी ते कुणाला करून दाखवलेलं नाही.

वहिनी मालिका रोज बघते आणि आता मला फोनही करते. परवा सेटवर होतो, दुपारचा शॉट लागायचा होता, तेव्हा तिचा फोन आला.

"भाऊजी, काल तुम्ही त्या मुलीच्या सासूला लय तोडून बोलले. पोस्टमास्तर असं बोलायचा नाय. त्याची पोर त्या घरात नांदतीया."

मी म्हणालो, "वहिनी, लिहिलेलं तसं असतं."

"लिहिलं असंल. पण तुम्ही जरा दमानं म्हणायचं की."

आतून मला बोलावणं आलं. मी हातानं दोन मिनिटं अशी खूण केली आणि वहिनीला विचारलं, "दमानं म्हणजे कसं, सांगा." ती सांगायला लागली.